खाटेखालचं बी

पाहुण्यांच्या खोल्या मी अशा लावते की चादरीला सुरकुती शोधून सापडायची नाही. गणेशगुडीला नदीवर रबरी बोटीत बसायला माणसं येतात, त्यातली काही आमच्या घरच्या दोन खोल्यांत उतरतात. नवरा बोटीवर असतो, घरचं सगळं माझ्याकडं. "वहिनी, हॉटेलात नसते एवढी स्वच्छता!" असं कुणी म्हटलं की मी दिवसभर फुगून असायची. आणि या फुगलेल्या बाईच्या लेकीची खोली? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ती खोली नेमकी बाथरूमच्या वाटेवर. दाराला पडदा आहे, पण पंखा लागला की पडदा उडतो आणि आतला बाजार दिसतो. खाटेवर कपड्यांचा ढीग, टेबलावर वह्या, वह्यांवर कंगवा, कंगव्याला टेकून लाडवाची अर्धी पुडी. लेक यंदा दहावीत गेली. मास्तर म्हणतात ध्यान नाही, बाप म्हणतो ध्यान नाही, आणि मी तर दिवसातून दहादा म्हणते.

यंदाच्या मे महिन्यात पुण्याकडचं एक कुटुंब उतरलं होतं. सकाळी ती बाई आपल्या मुलीला घेऊन बाथरूमकडं निघाली, तेवढ्यात पडदा उडाला. "बघ गं," ती मुलीला म्हणाली, "तुझ्याही वरताण कुणीतरी आहे!" दोघी खुदकन हसल्या. वाईट मनानं नव्हे, उगंच आपल्या. पण मी तिथंच चहाचे कप घेऊन उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते लोक नदीवर गेले आणि मी पदर खोचला. "ऊठ! आज ह्या उकिरड्याचं तोंड मला बघायचं न्हाई. दुपारी पावणे जेवायला येतील तवा खोली आरशागत दिसली पाहिजे."

बिचारी लागली कामाला. एका कुडत्याची घडी घातली. दुसरा उचलला तर खालून धनेश पाखराचं पीस निघालं. ते घेऊन खिडकीत गेली, उजेडात फिरवून बघत बसली. मी ओरडले. परत आली, वह्या लावायला बसली, तर जुना गणिताचा पेपर सापडला आणि त्यावेळी चुकलेलं गणित तिथंच जमिनीवर बसून सोडवायला लागली. आता गणित सोडवणाऱ्या पोरीला ओरडायचं तरी कसं? तरी ओरडलेच.

मग डोकं थंड ठेवून सांगितलं, "हे बघ, एका वेळी एकच जिन्नस. आधी नुस्ते कपडे. दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई." आणि मी दारात बसले, तिच्याकडं बघत, काही न बोलता. खरं सांगते, जमत होतं. कपडे संपले. मग वह्या सुरू झाल्या. तिला नुसतं कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं, एवढंच. पण माझा जीव सगळा घड्याळात. भात टाकायचा होता, आमटी व्हायची होती. अर्ध्यावर मी उठले आणि तिच्या हातातल्या वह्या हिसकल्या.

"तुझ्यानं ह्या जन्मात व्हायचं न्हाई. जा, दुकानातनं दही घेऊन ये. मीच करते."

"खाटेखालचं ऱ्हाऊ दे आई, ते मी बघीन," जाता जाता ती म्हणाली.

"तू बघशील आणि मी मरीन!"

खाटेखाली हात घातला तर एक चप्पल, बुरशी आलेला डबा, आणि सगळीकडं राख. राख! झाडून पुसून घेतलेल्या जमिनीवर! आत सरकून बघितलं तर तिच्या जुन्या शाळेच्या स्कर्टात बांधलेलं गाठोडं. सोडलं, तर राखेत लोळलेल्या कणग्या. कणगी म्हणजे आमच्याकडचा जमिनीतला कंद, रताळ्याहून बारका, थंडीत काढायचा आणि उकडून खायचा. कोंब फुटायला लागले होते. मला वाटलं, थंडीत तिच्या आत्याकडनं खायला आणल्या आणि डब्यासारख्याच विसरली. नासल्या असत्या अजून थोड्या दिवसांत.

खोटं कशाला बोलू, कोंब मोडताना माझा हात क्षणभर थांबला होता. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली मी. मे महिन्यात, राखेत, कोंब आलेला कंद म्हणजे काय ते माझ्या हाताला कळलं होतं. पण डोक्यात त्या दोघींचं हसू घुमत होतं. अन्न वाया घालवायचं नाही म्हणून मी त्या धुतल्या, मीठ घालून उकडल्या आणि लसणाच्या चटणीबरोबर पानात वाढल्या.

पाहुणे खूष! "असलं आम्ही कधी खाल्लं नाही," म्हणत परत परत मागून घेतलं. मीही वाढत गेले, "आमच्या रानातलं हाय, सावकाश होऊ द्या." लेक दही घेऊन आली ती याच वेळी. ती बाई प्रेमानं म्हणाली, "अगं, तुझी खोली किती छान दिसतेय आता!" लेकीनं खोलीकडं बघितलंच नाही. तिची नजर पानावर होती. लाल सालींचा ढीग पडला होता पानाच्या कडेला.

मला वाटलं आता ही पाहुण्यांसमोर तमाशा करणार. ती माझ्यामागं चुलीपाशी आली आणि हळू म्हणाली, "आई, ते बी व्हतं."

"मला काय ठाऊक? सांगायचं न्हाई व्हय?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"सांगितलं व्हतं की. शिमगा झाल्यावर. तू चादरी घडी घालत व्हतीस. व्हय व्हय म्हणालीस."

मला आठवेना. आणि आठवेना म्हणूनच ते खरं असणार हे मला कळलं. ह्या घरात ध्यान नसलेली बाई कोण ते त्या दिवशी मला समजलं. मागच्या अंगणात तिनं आपल्या हातानं आळी खणून ठेवली होती, वर पाला घालून. मी रोज तिथं चादरी वाळत घालते. कशाची आळी, म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. ती लाल सालीची कणगी फक्त वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, त्यांच्याच घरी राहिली आहे. आमच्या बाजूला कुणाकडं नाही. लेकीनं ती स्वतः मागून आणली होती, स्वतः लावणार होती. तिचं स्वतःचं असं पहिलंच पीक.

आमच्यात हे बी विकत घेत नाहीत, मागून आणतात. आणि ते गेलं तर परत त्याच दारात जाऊन आधीचं कसं गेलं ते सांगावं लागतं. कुजलं, रानडुकरानं उकरलं, यात कमीपणा नसतो. पण बी खाल्लं? माझ्या सासरी उपास काढले, पण बियाण्याला कुणी हात लावला नव्हता, हे वन्संनीच मला लग्न झाल्यावर सांगितलं होतं.

पाऊस तोंडावर आलेला, थांबून चालणार नव्हतं. आम्ही दोघी वन्संच्या गावच्या, अणशीच्या गाडीत बसलो. खरं सांगून टाकायचं असं मी वाटभर घोकत होते. लेक खिडकीबाहेर बघत होती.

वन्संनी पाणी दिलं, गूळ दिला. मी बी मागितलं. त्या चमकल्या. "का गं? मागं दिल्यालं काय झालं?"

तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं, "उंदरांनी खाल्लं, वन्सं."

"राखंत ठेवल्यालं उंदीर खातोय व्हय?" त्यांनी लेकीकडं मोहरा वळवला. "तूच उघडं टाकलं असशील. ध्यान कुठं असतंय तुझं? एवढं जपून दिलं आणि तू उंदरांना घातलंस!"

बोलायची वेळ ती होती. मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

"व्हय आत्या," लेक म्हणाली. "माझंच चुकलं. गाठोडं बांधायचं इसरले."

माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. वन्सं बराच वेळ बोलत राहिल्या. पोरीची जात, संसार कसा करणार, आईकडनं काही शीक. ती मान खाली घालून सगळं ऐकत होती. मग वन्सं आत गेल्या आणि आपल्या लावणीसाठी ठेवलेल्या थोड्या कणग्या फडक्यात बांधून घेऊन आल्या. घरात तेवढ्याच राहिल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही, पण रिकामी टोपली मला दारातनं दिसत होती.

"आता तुझ्यापाशी ठेवू नगंस," त्या लेकीला म्हणाल्या. "आईकडं दे. ती नीट ठेवंल."

लेकीनं ते फडकं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. आणि मी ते घेतलं.