ओदीलवहिनीचा स्वतःचा कर

घटस्फोट त्या दोघांनी घेतला, मी नाही. म्हणून ओदील अजून माझी वहिनीच आहे आणि लिओनेल माझा सख्खा भाऊ असला तरी त्याचं चुकलं तर मी तोंडावर सांगते.

लिओनेल इथल्या कागदगिरणीतून निवृत्त झाला. महिन्याला अठराशे डॉलर पेन्शन. कोर्टानं निम्मी वहिनीला दिली. वकील म्हणाला होता, नुसता निकाल पुरत नाही, पेन्शनच्या ऑफिसला वेगळा आदेश पाठवावा लागतो. पण आम्ही अमेरिकेतल्या मेन राज्यातले फ्रेंच लोक. शब्द दिला म्हणजे दिला, वकिलाला आणखी पैसे कशाला चारायचे? दोघांनी मान डोलावली, आणि तिथंच माती खाल्ली.

मग दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण असतं, तिथं सगळ्या गावादेखत लिओनेल तिला पाकीट द्यायचा. बघा, मी कसा शब्दाचा पक्का. वहिनी पाकीट घ्यायची आणि मान खाली घालून वाढायला लागायची. मला संताप यायचा.

चार वर्षांपूर्वी पाकिटातून नऊशेऐवजी सातशे निघाले.

"सगळ्या पेन्शनवर कर माझ्या नावानं लागतो. तुझ्या वाट्याचा मी का भरू?" लिओनेल म्हणाला.

बोलणं बरोबर वाटलं, म्हणून वहिनीनं सातशेच घेतले. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून ती कसंबसं घर चालवते. महिन्याचे दोनशे म्हणजे तिचं हिवाळ्यात घर तापवायचं तेल. दोन हिवाळे तिनं वरची खोली बंद ठेवली. तिसऱ्या वर्षी वाचनालयात कराचे फॉर्म फुकट भरून देणाऱ्या बाईंसमोर मीच तिला नेऊन बसवलं.

बाई म्हणाल्या, "त्याच्या नव्या बायकोचा पगार धरून त्यांचा दर चढा लागतो. तोच तो तुमच्या वाट्याला लावतोय. ऑफिसला आदेश गेला, तर तुमचा वाटा थेट तुम्हाला येईल आणि त्यावर कर तुमच्या दरानं. नऊशेवर फार तर नव्वद."

वहिनीनं तिथल्या तिथं पर्स बंद केली. "म्हणजे कर मीच भरायचा ना? मग मीच भरते."

त्या आदेशाच्या कागदावर लिओनेल सहीला तयार होईना. "लोक काय म्हणतील? माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे रे," वहिनी शांतपणे म्हणाली. "पण मला तुझ्या हातून घ्यायचं नाही. ते माझं आहे."

"आता सही कर, नाहीतर आईच्या थडग्यापाशी जाऊन तुझी तक्रार करीन," मी म्हटलं. त्यानं केली.

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा वाचनालयात. वर्षाचे आठशे चाळीस डॉलर भरायचे निघाले. बाईंना वाईट वाटलं. "सॉरी हं, ओदील."

वहिनीनं चेक लिहिला. पेन्शनच्या ऑफिसातून आलेला करासाठीचा कागद तिनं हातानं सरळ केला. वर गिरणीचं नाव, खाली तिचं.

"एकतीस वर्षं त्याचा डबा भरला," ती म्हणाली. "गंधकाचा वास मारणारे कपडे धुतले. रात्रपाळी असली की दिवसभर पोरांना गप्प बसवलं. गिरणीनं माझं नाव आज पहिल्यांदा लिहिलं."

मी जन्मभर कराच्या नावानं बोटं मोडत आले. त्या दिवशी तिच्या चेकचं पाकीट मीच पोस्टात टाकून आले.