लाल तूर, पांढरी तूर

गेल्या मे महिन्यात एका दुपारी माझ्या मामेसासऱ्यांनी दारव्ह्याच्या घरी लाल आणि पांढरी तूर एका बरणीत ओतली आणि बरणी हलवली. लाल तूर मामींच्या माहेरचं बियाणं; माहेरी ते आता कोणी पेरत नाही.

निवांत माणसं बरीच पाहिली, पण विश्वाच्या वयाच्या हिशेबाने जगणारे मामा एकटेच. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कूलरच्या घरघरीत, अर्धे डोळे मिटून ते चहा निवताना बघत बसत. मामी कप तापवायला उचलू लागल्या की म्हणत, थांब, खोलीतली उष्णता आपणहून कपात परतू शकते. शक्यता फार कमी आहे, शून्य नाही. उदबत्तीचा धूर पुन्हा काडीशी जमतो का हे बघायला ते भर उन्हाळ्यात कूलर बंद करवत. पाहुणे घाम पुसत वाट बघत.

एकदा त्यांनी एका काल्पनिक राक्षसाची गोष्ट सांगितली. तो दाराशी बसून हवेतले वेगवान कण एकीकडे, संथ कण दुसरीकडे निवडतो. शेंगा सोलता सोलता मामींनी विचारलं होतं, "अन् त्याले जेवाले कोन देते?"

तूर त्यांनी मला समजावायला मिसळली. दाणे विस्कटायच्या वाटा अगणित, वेगळे राहायच्या मोजक्या. म्हणून धूर परतत नाही. मामी बाहेर आल्या. "पेराचं बी होतं ते," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी वणीला लेकीकडे गेल्या.

पुढच्या आठवड्यात गेलो तर मामा ओसरीवर बरणी हलवत होते.

"मामींना फोन करा," मी म्हटलं.

"काय सांगू तिले, जवाई? शक्यता शून्य नाही म्हनून?"

जूनच्या सुरुवातीला मामींना वणीहून मीच आणलं. पेरणीआधी शेताकडे बघायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. वाटेत तुरीचा विषय निघाला नाही.

घरी बरणी खिडकीत रिकामी होती. मामा खाली बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर ताट, मिसळलेल्या तुरीची मोठी रास, बाजूला ओंजळभर लाल दाणे. त्यांनी वर पाहिलं नाही.

"जेवले का?" मामींनी विचारलं.

मामांनी मान हलवली. नाही.

मामींनी भाकर टाकली, त्यांना वाढलं. मग दुसरं ताट घेऊन समोर बसल्या आणि अर्धी रास आपल्याकडे ओढली.