न पाहिलेल्या ग्रंथाची तळटीप

आमच्या बाई प्रबंध मागून वाचायच्या. आधी संदर्भसूची, मग तळटिपा, आणि मजकूर अगदी शेवटी. नव्वदच्या दशकात नाशिकच्या कॉलेजात आम्ही तिघंचौघं त्यांच्याकडे एम.फिल. करत होतो. त्यांच्या दारापर्यंत जाऊन मी एकदा तरी परत फिरायचे.

मध्ययुगीन इंग्रजी कवींनी गोष्टी कोणत्या लॅटिन-फ्रेंच ग्रंथांतून घेतल्या, हे शोधणं हा बाईंचा विषय. "कवीनं उचललं तर परंपरा, तुम्ही उचललंत तर चोरी," असं बजावायच्या. उचलेगिरी पकडायची त्यांची रीतही ठरलेली होती. "चांगली कल्पना दोघांना सुचू शकते. चूक मात्र दोघांची एकच निघाली, तर एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलंय."

एवढं ऐकूनही मी माती खाल्लीच. एक लॅटिन ग्रंथ पुण्याला जाऊन बघायचा राहिला, म्हणून बाईंच्याच जुन्या प्रबंधातली तळटीप पान क्रमांकासकट उतरवली. बाईंचं म्हणजे बरोबरच असणार! मखमलाबादला फुलं पिकवणारे माझे आप्पा तोवर बाजारात सांगत सुटले होते, "आमची पोर लय मोठी परीक्षा देऊ राहिली." ते कानावर आलं, की मी आप्पांची नजर चुकवायचे.

आठ दिवसांनी बाईंनी बोलावलं. नेमकं त्याच टिपेवर बोट ठेवलं.

"हा ग्रंथ पाहिलास?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण निघालं खरंच. "नाही, बाई."

"याला इतकी पानंच नाहीत."

संपलं, एम.फिल. गेलं! आप्पांना काय तोंड दाखवू? मी रडायलाच लागले. पण बाई ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्या प्रबंधाच्या वेळी मीही पाहिला नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "मीही कुठून तरी उतरवलं. पदवी मिळाल्यावर ग्रंथ हाती आला, तेव्हा कळलं. वीस वर्षं भीत आलेय, कोणीतरी हे पकडेल म्हणून."

"मी कोणाला सांगणार नाही, बाई."

"सांगायचं. पुण्याला जा, ग्रंथ बघ, आणि माझा आकडा चुकलाय असं टिपेत लिही. माझ्या नावानिशी."

पुण्याला जाऊन ग्रंथ पाहिला आणि सांगितलं तसंच लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी तीच टीप मोठ्यानं वाचली आणि चमकून बाईंकडे पाहिलं. वाटलं, बाई आता शब्द फिरवतील.

"बरोबर लिहिलंय तिनं," बाई म्हणाल्या. "चूक माझीच."

बाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी शिकवते, आणि मुलं मला घाबरतात म्हणे. भीती मलाही वाटते. उद्या एखाद्या मुलीनं माझी चूक चारचौघांत दाखवली, तर ते वाक्य माझ्या तोंडून निघेल का?