मायची सातवी फेरी

माझी माय नीलाबाई सैतानाशी अरे-तुरेत बोलायची. गॅस पेटला नाही, की आधी "हट मेल्या, येशूच्या नावात हट" म्हणायची आणि मग रेग्युलेटर बघायची. गल्लीत कुणाचं पोर तापलं, कुणाचा नवरा पिऊन पडला, तर बोलावणं हिलाच. शेजारच्या जोहराखाला पक्क्या नमाजी, पण त्यासुद्धा नातवाला घेऊन दारात यायच्या. "नीलाबाई, तुमच्या दुआत लई जोर हाय, जरा हात ठेवा." माय हात ठेवायची, डोळे मिटायची आणि तापाला अशी खडसावायची की पोरगं घाबरूनच गप व्हायचं.

हे करताना तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आवाज मोठा, चेहरा कोरडा. लोक म्हणायचे, काय विश्वास आहे बाईचा. मला वाटायचं, हिला आतून काही होतच नाही. तिला रडताना मी पाहिलेलं नाही. मला तिनं कधी जवळ घेतलेलं आठवत नाही. खोटं कशाला बोलू?

भूकंपात तिची दोन लेकरं गेली. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात रुंद. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं खाली आलं. बाप, शेषेराव, मिरवणुकीवरून परतलाच नव्हता म्हणून वाचला. मायला दुपारी काढलं, पाय मोडलेला. लेकरांना संध्याकाळी. हे मला बापानं सांगितलं. माय बोलायची ती फक्त साक्ष देताना.

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चर्चच्या मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. मायला महिन्यातून एकदा तरी उभं करायचे. ती सांगायची : दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती बाई होती, सहा आठवडे ती माझ्यासाठी प्रार्थना करत होती, मी प्रभूला ओळखलं, त्यानं मला वाचवलं. मंडळी हालेलुया म्हणायची, माय खाली बसायची. पाच मिनिटांचं काम.

मी उज्वला. मी नंतरची. मायचं नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालं होतं. भूकंपात लेकरं गेलेल्या बायांना दवाखान्यात नस परत जोडून देत होते, तिनंही जोडून घेतली आणि तीन वर्षांनी मी झाले. नातेवाईक मला बघून म्हणायचे, "देवानं भरपाई दिली बघ." म्हणजे पत्र्याची शेडं, धान्याची पोती आणि मी. लहानपणी कळत नव्हतं. कळायला लागल्यावर मी तोंडाळ झाले, आणि अजून आहे.

बाप गेल्यावर माय आणि मी लातुरात आलो. तोवर लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. बिलोलीहून, भोकरहून, कुठून कुठून पोरी डॉक्टर व्हायला यायच्या, आणि मोकळी जागा दिसली की हॉस्टेल उभं राहायचं. बीए झाल्यावर मी अशाच एका मुलींच्या हॉस्टेलात रेक्टर लागले. चार मजले, एकशे वीस पोरी, आणि तळमजल्यावर एक खोली मला.

आमच्या मंडळीचं प्रार्थनेचं पत्र्याचं शेड त्याच हॉस्टेलला लागून होतं. मालक एकच. त्याला तिथं मेस काढायची होती. त्यानं पास्टर दयानंदांना सांगून टाकलं, महिनाअखेर जागा मोकळी करा. पास्टरांनी दोनदा हात जोडले. मालक म्हणाला, तुमचा देव काय, कुठंही भेटतो.

पास्टर माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. त्यांनी रविवारी जाहीर केलं, आपण यरीहोची फेरी काढायची. शास्त्रातली गोष्ट आहे. यरीहो शहराला मोठा तट होता. देवाचे लोक सहा दिवस रोज एक फेरी मारत गुपचूप फिरले, सातव्या दिवशी सात फेऱ्या मारल्या, मग एकदम ओरडले आणि तट कोसळला. "तसंच आपण हॉस्टेलभोवती फिरायचं," पास्टर म्हणाले. "भिंत म्हणजे मालकाच्या मनाची भिंत, हां. आणि सातव्या फेरीला पहिली आरोळी नीलाबाईंची."

मी घरी जाऊन मायला विचारलं, "तू फिरणार?"

"हाव."

"मी आत राहते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय. पण देवाच्या घराचा सवाल हाय."

"आणि माझं काय?"

ती गवारी मोडत होती, मोडतच राहिली. मला इतका राग आला की मी जेवण न करता निघून आले. आता तीन आठवडे हिचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला ती गेटसमोर हजर.

चाळीसेक माणसं होती. बायांच्या डोक्यावर पदर, कुणाच्या तोंडून शब्द नाही. माय सगळ्यांच्या पुढं, मोडलेला पाय जरा ओढत. पोरी गॅलरीत येऊन मोबाईलवर शूटिंग करायला लागल्या. हिमायतनगरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हे लोकं काय करून राहिले?" मी म्हटलं, "व्यायाम." पुढची माझी माय आहे, हे सांगितलं नाही. माय गेटसमोरून गेली, पण माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच. मालकानं मला बोलावून विचारलं, या लोकांत तुमचं कुणी आहे का. मी नाही म्हणाले. काही वाटलं नाही. हजेरी घ्यायची, पाण्याची टाकी बघायची, सकाळी सहाला मायची फेरी बघायची. मलाही तिच्यासारखं कोरडं राहायला जमायला लागलं होतं.

चौथ्या दिवसापासून ती वर बघत चालायला लागली. एकेक मजला, एकेक खिडकी. पाचव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आपणहून फोन करायची तिला सवय नाही.

"आत किती पोरी हायत?"

"एकशे वीस."

"तळमजल्यावर?"

"तीस. का?"

"भिंती कशाच्या हायत?"

"सिमेंटच्या. तुझं काय चाललंय, माय?"

तिनं फोन ठेवला. सहाव्या दिवशी फेरी संपल्यावर बाकीचे गेले, तरी ती कोपऱ्यावर उभी होती. मी बाहेर गेले नाही. माझाही ताठा तिच्याइतकाच.

सातवा दिवस रविवार. आदल्या दिवशी मोठी टेस्ट झालेली, म्हणून पोरी झोपल्या होत्या. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेले. एक फेरी, दोन, तीन. सातवी संपली तेव्हा ऊन चढलं होतं. सगळे गेटसमोर थांबले. पास्टरांनी हात वर केला आणि सगळ्यांनी मायकडं पाहिलं. मायनं तोंड उघडलं. मी कठडा घट्ट धरला. मी बीए झालेली बाई आहे, ओरडण्यानं भिंत पडत नाही हे मला कळतं. तरी धरला.

"प्रभू, पाडू नको," माय म्हणाली.

आवाज तोच, तापाला खडसावायचा. शेवटच्या गल्लीपर्यंत गेला असेल.

"पाडू नको. ह्या लोकांचं ऐकू नको. माझंबी सहा दिवसांचं ऐकलेलं सोडून दे. मन्मथ नेलास. कस्तुरा नेलीस. मी हूं की चूं केलं न्हाई. ही तिसरी आत हाय, अन् लोकांची लेकरं झोपलेली हायत. ह्या भिंतीला हात लावलास तर माझ्याशी गाठ हाय."

माझ्या भावाबहिणीची नावं मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. खाली कुणी आमेन म्हणालं नाही.

पास्टर पुढं आले. "नीलाबाई, काय बोलून राहिल्या तुम्ही? आपण मनाची भिंत म्हणालो होतो."

"तुम्हाला ठाऊक हाय की भिंत पडणार न्हाई, म्हणून तुम्ही ओरडून राहिले," माय म्हणाली. "मी मागितलं तर पडंल."

आणि ती वळून चालायला लागली. आरोळी झालीच नाही. लोक एकेक करून पांगले.

मंडळीत म्हणाले, नीलाबाईमध्ये अविश्वासाचा आत्मा शिरला. तिला साक्षीला उभं करणं बंद झालं, आजाऱ्यांसाठी बोलावणं बंद झालं. जोहराखाला तेवढ्या नातवाला घेऊन यायच्या. महिनाअखेर मालकाच्या माणसांनी शेडचे पत्रे उतरवले. मी नोकरी सोडली नव्हती. गेटमधून बाहेर येऊन बघत होते. मायही आली होती, रस्त्याच्या पलीकडं बसली होती. मी जाऊन शेजारी बसले.

"तुझ्यामुळं गेलं म्हणतात," मी म्हटलं.

"म्हणू दे. पत्र्याचं व्हतं. पत्र्याखाली कुणी मरत न्हाई."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी रडत होते, आणि रागातही होते. म्हटलं, "माय, तुला मी इतकी हवी होते, तर एकवीस वर्षांत एकदा तरी जवळ घ्यायचं होतंस. का नाही घेतलंस?"

"त्याच्या ध्यानात आलं असतं."

"कुणाच्या? सैतानाच्या?"

माय पत्रे उतरवणाऱ्यांकडं बघत होती. चेहरा नेहमीसारखाच कोरडा होता.

"दोघांच्याबी," ती म्हणाली.