पानावरचं मीठ

हे लिहायला वहिनींची परवानगी घेतली आहे. वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. इथे दोहात त्यांचं घर अल गराफा भागात, आमचं मुंतझात, आणि गौरी-गणपती अर्थातच थोरल्या घरी. गेली वीस वर्षं दोहात गौरीजेवणाचा सगळा स्वयंपाक त्या एकट्या करतात. मी भाज्या निवडते, नारळ खवते आणि मधूनमधून बोलणी खाते. स्वयंपाकात माझी मजल तेवढीच.

गेल्या वर्षी हिवाळ्यात वहिनींना ताप आला. ताप गेला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. त्या गुपचूप एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, येईल परत, इन्शाल्ला. इथे वीस वर्षं काढल्यावर या इन्शाल्लाचा अर्थ आम्हाला चांगलाच कळतो: वाट बघा, भरवसा धरू नका.

मला कळलं ते लसणामुळे. फोडणीतला लसूण करपून काळा झाला, घरभर धूर, आणि वहिनी कढईकडे पाठ करून माझ्याशी शांतपणे बोलत होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. मग त्यांनी सगळं सांगितलं आणि कुणाजवळ बोलायचं नाही, असं बजावलं. घरात समजलं तर आपल्या हातातलं स्वयंपाकघर जाईल, ही त्यांची धास्ती होती.

ती काही खोटी नव्हती. चव लागेना म्हणून त्या आमटीत पुन्हा मीठ घालत आणि मोठे दीर मुकाट्याने पाणी पीत. गौरी जवळ आल्या तेव्हा दीर म्हणाले, यंदा जेवण बाहेरून मागवू, तुला दगदग नको. बिचारे चांगल्या मनानेच म्हणाले होते. पण वहिनींचा चेहरा एवढासा झाला.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मी तुमच्याशेजारी उभी राहते, प्रत्येक पदार्थ चाखून सांगते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून शिरले होते. नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. तो मला ठाऊक होता. त्याचा अर्थ मात्र वहिनींनीच मला त्या दिवशी सांगितला.

"अगं, गौरीच्या स्वयंपाकाला जीभ लागतेच कुठे? हात लागतो. वीस वर्षं मी न चाखताच केलाय की."

मग बाहेरून काही मागवायचं नाही, हे मीच दिरांना सांगून आले.

यंदा गौरीजेवण नेमकं सुट्टीच्या शुक्रवारी आलं, म्हणून चाळीस पानं. मुंतझातल्या मल्याळी दुकानातून आळू आणि केळीची पानं मी आणली. वहिनी पहाटेपासून ओट्याशी. मोहरीचा तडतडाट थांबला की लगेच हिंग. पुरणात उलथनं उभं राहिलं की गॅस बंद. मीठ मुठीने, आणि ते टाकताना बोलायचं नाही. त्यांचा हात एकदाही थबकला नाही.

पंगत बसली. आमच्या घरात स्वयंपाकाचं कौतुक करायची पद्धत नाही. दीर फार तर "ठीक झालंय" म्हणतात. त्या दिवशी तेही म्हणाले नाहीत, फक्त आमटीसाठी तीनदा वाटी पुढे केली. पुतणीने इंग्रजीतच आणखी पोळी मागितली. पण मला खरं कळलं ते पानं उचलताना. पोळ्या संपल्या होत्या, आळू पुसून खाल्लेला, आणि पानाच्या वरच्या टोकाला वाढलेलं चिमूटभर मीठ जसंच्या तसं. चाळीसच्या चाळीस पानांवर. मी वहिनींचा हात धरून त्यांना ते दाखवायला नेलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी आम्ही दोघी जेवायला बसलो. वहिनी म्हणाल्या, आता तू खा आणि मला सांग. वीस वर्षांत मी एकदाही काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे मस्त, छान, एकदम मस्त, एवढ्यावर माझी गाडी अडली. त्या वैतागल्या. आंबट किती, गोड किती, तिखट आधी लागतं की मागाहून, ते सांग म्हणाल्या. मग मी एकेक घास घेऊन सांगत गेले आणि त्याच पदार्थाचा घास घेऊन, डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या. आमटीत खोबऱ्याचा खमंगपणा आहे, पुरणात वेलदोडा जायफळाच्या पुढे गेलेला नाही, आळू आंबटगोड आहे आणि तिखट घशाशी गेल्यावर कळतं.

"सासूबाईंच्या हातचा लागतोय का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "तुमच्या हातचा लागतोय."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. आळूची वाटी तेवढी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "पुन्हा सांग."