येड्यांची मॅडम

लिही गं अंजना, लाजू नको. गोष्ट तुझी हाय, पण सांगायची हाय विजयमाला बाईची.

ही केजकडची, मेंढरं राखणाऱ्याची लेक. वडवणीवरनं एसटीनं आपल्या शाळंत यायची. पोरांच्या मनातलं ऐकायचं, हेच तिचं काम. गावानं नाव ठिवलं, येड्यांची मॅडम. मीबी तेच म्हणायची.

तू आठवीत व्हतीस, त्या साली दसऱ्याच्या आधी तुझं बोलणं बंद झालं, जेवणबी. मी नजर काढली, अंगारा लावला. काय फरक न्हाई.

बाई तुझ्याजवळ बसून नुसत्या भुईमुगाच्या शेंगा फोडायची. इचारायची काईच न्हाई. एक दिस तूच बोललीस. बा दिवाळीच्या आत लगीन लावणार, दिंद्रुडच्या पोराशी. ऊसतोडीला मुकादम जोडीच घेतो, नवरा-बायको मिळून एक कोयता. आठवीतल्या पोरीचा कोयता व्हणार व्हता.

बाईनं आधी तुलाच इचारलं, "घरी येऊन बोलू का?" तू मान हलवलीस, तवा निघाली.

हेडमास्तर आडवे आले. "तुमचं काम पोरांशी बोलायचं. लोकांच्या दारात कशाला जाता?"

"सर, दुखणं घरात हाय. मी शाळंत बसून काय करू? हेबी माझंच काम हाय."

बाई आपल्या घरी आली, वट्यावर बसली. तुझा बा, माझा ल्योक सुग्रीव, लई तडकला.

"बाई, तुमचं सोताचं लगीन झालंय का?"

"झालंय की. सासूबी हाय, तुमच्या आईवानी बोलकी."

मला हसू आलं. सुग्रीवबी जरा निवला.

बाई म्हणली, "अठराच्या आत लगीन गुन्हा हाय, ते तुमाला ठावं हाय. मला सांगा, भ्या कशाचं वाटतंय?"

सुग्रीवनं टोपी काढून मांडीवर ठिवली. मग म्हणला, "पोर वयात आली. आमी दोघं नवरा-बायको ऊसतोडीला कारखान्यावर. म्हातारीला अंधारात दिसत न्हाई. काय इपरीत झालं तर?"

"मग भ्या घालवू. लगीन कशाला?"

दुसऱ्या दिशी त्याला वडवणीला पोरींच्या वसतिगृहात घेऊन गेली. त्यानं भिंत बघितली, तिथल्या बाईशी बोलला, फाटकाचं कुलूप दोनदा वढून बघितलं. "घट्ट हाय," म्हणला. तिथनंच दिंद्रुडला फोन लावला, न्हाई म्हणून सांगितलं.

त्या सांजेला तू दोन भाकरी हाणल्यास, वर म्हणलीस, "आजी, कालवण अळणी झालंय." माझा जीव असा भांड्यात पडला! म्हणलं, ठिव बाई नावं, रोज ठिव.