तिरक्या अक्षरांचा कागद

काल सुमनकाकूंच्या देव्हाऱ्यात बिल्डरचा कागद दिसला. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून गणपतीपुढे ठेवलेला. करामत त्या अक्षरांची. किंचित तिरकी, रेघ कुठे भरदार तर कुठे केसासारखी बारीक, वेलांट्या लांबवर सोडलेल्या. असा टाइप आपल्याकडे लग्नपत्रिकेवर असतो, नाहीतर अत्तराच्या बाटलीवर. काकूंना वाटलं, नव्या घराचं आमंत्रणच आलंय.

आमच्या वस्ती बचाव समितीचं पत्रक मात्र शेगडीखाली अंथरलेलं होतं.

"तुमची अक्षरं अंगावर येतात रे बाबा," काकू म्हणाल्या. "जाडजूड, काळी. कुणी गेल्याची चिठ्ठी आल्यागत. हा कागद बघ, कसा अदबीनं बोलतोय."

संताप आला. दोन वर्षं आम्ही ठळक टाइपात ओरडतोय, आणि हे नाजूक वळण सरळ देवापर्यंत पोचतं! पण खरं सांगू? तो कागद हातात घेतल्यावर माझाही आवाज खाली आला. देखण्या अक्षरापुढे माणूस आपोआप चप्पल काढतो. आम्ही ओरडलो तर कुणी वाचत नाही, आणि गोड बोललो तर आमच्यात नि त्यांच्यात फरक काय उरला?

मी मोठ्यानं वाचून दाखवलं, "राहते घर रिकामे करून देण्यास माझी संमती आहे."

काकूंनी कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिला.

"ही तर नक्कल आहे," त्या म्हणाल्या. "मी सही केलेला कागद बिल्डरची माणसं घेऊन गेली. तो परत कसा मागायचा, ते तुझ्या पत्रकात लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलं.